गंजीवरची चौघं

त्या काळी गावात दुकान नव्हतं, आणि त्याचं कुणाला फारसं वाईटही वाटत नव्हतं. दुकानच रस्त्यानं चालत दारी यायचं. सुया-दोरेवाला यायचा, फुटक्या भांड्याला ठिगळ लावणारा यायचा, सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा आपलं चाक पाठीवर घेऊन यायचा. त्यांच्या मागोमाग, त्याच वाटेनं, मागणारेही यायचे. बायका चुलीपाशी बसूनच हाकेवरून माणूस ओळखायच्या आणि उठायचं की नाही ते ठरवायच्या.

गावाच्या टोकाला एक घर होतं. त्या घरात नुकतीच सून आली होती. सगळे तिला ‘नवी’ म्हणायचे. ‘नवीला सांग’, ‘नवी कुठंय’, असं. ही नवी माहेरी हसरी म्हणून गाजलेली. हसरी म्हणजे काय, एकदा सुटली की सुटली. कोंबडी घसरून पडली तरी हिला दुपारपर्यंत पुरायचं. म्हणून सासरी पाठवताना आईनं बजावलं होतं, “बाई गं, तिकडे दात दाखवू नकोस. लोक म्हणतील, पोरगी येडी दिली.”

नवीनं ते मनावर घेतलं. हसू आलं की ती ओठ चावायची, तरी नाही थांबलं तर तोंडाला पदर लावून खोकायची. त्यामुळं घरात सगळ्यांचा समज झाला होता की सून गुणी आहे, पण छातीनं जरा कच्ची आहे.

सासूबाई म्हणजे करारी बाई. हळू बोलायच्या, पण ओसरीवरून बोलल्या की परसातली भांडी आपोआप घासली जायची. त्या हसल्याचं नवीनं कधी पाहिलं नव्हतं. आणि घरात सासूबाईंना न घाबरणारा एकच प्राणी होता. तो म्हणजे सासऱ्यांचा लाडका एडका. शिंगं अशी की बघणाऱ्यानं आपसूक दोन पावलं मागं सरावं. जो दिसेल त्याला आधी टक्कर, मग चौकशी, असा त्याचा खाक्या. म्हणून नाव पडलं होतं फौजदार. तो फक्त सासऱ्यांचं ऐकायचा.

एका सकाळी बाप-लेक दोघंही गुरांच्या बाजाराला गेले. ते गेल्यावर सासूबाईंना निरोप आला की गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारी त्यांची बहीण पाय मुरगळून पडली आहे. त्या निघाल्या. दारात वळून म्हणाल्या, “कडी लाव. घरात कुणाला घेऊ नकोस. फेरीवाला आला तर काही घ्यायचं नाही. मागणारा आला तर ओंजळभर धान्य घालायचं. आणि फौजदाराच्या वाटेला जायचं नाही.”

“हो आई,” नवी म्हणाली.

सासूबाई वळणाआड गेल्या, आणि नवीनं रिकाम्या घरात एक गिरकी घेतली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. लग्न झाल्यापासून ती घरात एकटी अशी आजच होती. तिनं भांड्यांशी गप्पा मारल्या, सासूबाईंच्या पाटावर बसून त्यांच्यासारखी मान ताठ करून पाहिली, आणि स्वतःलाच “हो आई” म्हणून खोकलीसुद्धा.

तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली. “सुया घ्या, दोरे घ्या! फण्या, फिती, बटणं घ्या! केस लांब करायचं तेल घ्या!”

नवीनं दार बोटभर उघडलं. फाटकात एक काटकुळा माणूस, डोक्यावर पत्र्याची पेटी, पाठीला गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी भलंमोठं.

“काही घ्यायचं नाही,” नवी फटीतून म्हणाली.

“घेऊ नका ना, वहिनी! घ्या म्हणतंय कोण? नुसतं बघा. बघायला काय पडतं?”

नवीनं विचार केला. घरात घ्यायचं नाही असं सांगितलं होतं. अंगणाबद्दल सासूबाई काहीच बोलल्या नव्हत्या. ती बाहेर आली.

फेरीवाल्यानं पेटी उघडली. आत रंगीत दोऱ्यांची रिळं, शिंपल्यांची बटणं, हरतऱ्हेच्या फिती, आणि एक हिरवी बाटली. त्यानं ती अदबीनं वर धरली. “आठवड्यात केस कमरेपर्यंत.”

“आणि तुम्ही लावत नाही का हो, भाऊ?” नवीनं विचारलं. कारण उकाड्यानं त्यानं टोपी काढली होती आणि खालून गुळगुळीत टक्कल चमकत होतं.

“मला फिरावं लागतं, वहिनी. केस कमरेपर्यंत आले तर पेटी कुठं ठेवू?”

नवी पदरात तोंड खुपसून खोकली.

मग त्यानं पाठीवरचं गोणपाट सोडलं. आत आरसा होता. पुरुषभर उंच, लाकडी चौकटीचा. शेजारच्या गावातल्या कुण्या सावकारिणीनं मागवलेला. “विकायचा नाही, पण तुम्ही बघून घ्या,” म्हणून त्यानं तो अंगणात गोठ्याच्या खांबाला टेकवून उभा केला. नवीनं आजवर स्वतःला डोक्यापासून पायापर्यंत एकदम कधी पाहिलंच नव्हतं. घरातल्या आरशात एका वेळी एक डोळा मावायचा. ती पुढून बघत होती, बाजूनं बघत होती, मान वळवून पाठही बघत होती.

“माई गं! आंधळ्याला घाला गं, माई!”

काठी टकटकवत म्हातारा भिकारी आला. हा नेहमीचा. डोळे मिटलेले, एका खांद्यावर चादर, दुसऱ्याला झोळी, आणि चाल अशी केविलवाणी की कुत्रंसुद्धा बाजूला सरकायचं. अंगणातल्या गवताच्या गंजीला लागून एक दगड होता, त्यावर चाचपडत तो बसला. नवीनं घरातून ओंजळभर धान्य आणून त्याच्या झोळीत घातलं. “बसा, आजोबा. पाणी आणते.”

पाणी आणायचं राहिलंच.

घरामागे बांधलेल्या फौजदारानं दावं तोडलं होतं. रमतगमत तो कोपऱ्यावरून अंगणात आला, आणि खांबापाशी त्याला दुसरा एडका दिसला. आपल्याच अंगणात, आपल्याएवढाच, आणि वर डोळे वटारून बघतोय! फौजदार थांबला. तोही थांबला. फौजदारानं पाय आपटला. त्यानंही आपटला. हा सरळसरळ अपमान होता.

“अरे, अरे, अरे!” फेरीवाला ओरडला.

पुढं नुसता आवाज झाला. काचेचा खळखळाट संपला तेव्हा समोरचा एडका नाहीसा झाला होता आणि आरशाची लाकडी चौकट फौजदाराच्या गळ्यात हारासारखी अडकली होती. विजयी वीरासारखा तो वळला. आता अंगणात उरलेल्या माणसांची पाळी.

“पळा! ताई, शिडीकडं! उजवीकडून येतोय!” कुणीतरी ओरडलं.

गवताच्या गंजीला शिडी लावलेली होती. नवी धावली, फेरीवाला धावला. पण दोघांच्या आधी, तरण्याताठ्या माकडासारखा सरसरत, एक जण वर पोचलासुद्धा. वरून त्यानं हात दिला, नवीला ओढलं, फेरीवाल्याला ओढलं. खालून फौजदारानं शिडीला धडक दिली आणि शिडी आडवी झाली.

तिघं गवतात बसून धापा टाकत होते. मग फेरीवाल्यानं हळूच मान वळवली.

“आजोबा, तुम्हाला दिसतं?”

म्हाताऱ्यानं अंगावरचं गवत झटकलं. डोळे सताड उघडे होते, आता मिटून उपयोग नव्हता.

“अधूनमधून,” तो म्हणाला.

झालं. नवीच्या आत इतके दिवस कोंडलेलं हसू धरण फुटावं तसं फुटलं. ती हसली, लोळली, गवत धरून हसली. फेरीवाला आरशासाठी रडायच्या बेतात होता, पण हिच्याकडं बघून त्याच्याही तोंडाचा ताबा सुटला. म्हातारा तेवढा तोंड पाडून बसला.

“हसा, हसा. डोळस होतो तेव्हाही मागायला यायचोच की. पण लोक काय म्हणायचे? ‘धडधाकट आहेस, आधी लाकडं फोड.’ या गावात इतकी लाकडं फोडली मी! शेवटी म्हटलं, डोळेच मिटावेत. मिटल्यावर लाकडं सुटली.”

“आणि कधी सापडला नाहीत?”

“आंधळ्याकडं कुणी बघत नाही, ताई. आंधळाच सगळ्यांकडं बघतो. माझ्यासमोर लोक काय काय करतात! तुम्ही नाही का, मागच्या खेपेला दाराआड उभ्या राहून साखरेचा बकाणा भरलात? आणि मग सासूबाईंनी हाक मारली तर ओ देता येईना!”

नवी लाजली आणि पुन्हा हसली. खाली फौजदार गळ्यात चौकट मिरवत गंजीभोवती गस्त घालत होता. फेरीवाल्याला एव्हाना धंद्याची आठवण झाली होती. पेटी खाली राहिली होती, पण खिशात दोन फण्या निघाल्या. “केसात गवत फार अडकलंय, वहिनी,” तो म्हणाला. “ही घ्या. दाट दात.”

अशी त्यांची बैठक रंगात आली असतानाच सासूबाई फाटकातून आत आल्या.

त्यांनी काय पाहिलं? दार सताड उघडं. अंगणात काचांचा खच. कुणाची तरी उघडी पेटी, इकडं पडलेली काठी. आणि सुनेचा पत्ता नाही. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. “नवी! अगं नवी!” त्यांच्या आवाजात असा काप नवीनं कधी ऐकला नव्हता.

“आई, वर!”

“वर? वर म्हणजे कुठं गं?”

“गंजीवर! आई, मागं बघा!”

सासूबाईंनी मागं बघितलं. फौजदार उभा होता. दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. सासूबाईंनी मान ताठ केली, बोट रोखलं, आणि परसातली भांडी घासली जायची त्या आवाजात म्हणाल्या, “फौजदार! जागेवर!”

फौजदारानं डोकं खाली घातलं.

त्या वयात त्या इतक्या जोरात पळतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. गंजीपाशी पोचल्या तर शिडी नाही. म्हाताऱ्यानं खांद्यावरची चादर खाली सोडली. सासूबाईंनी टोक धरलं, वरून तिघांनी ओढायला सुरुवात केली. अर्ध्यात येऊन गाडं अडलं. ना वर, ना खाली.

“ओढा रे मेल्यांनो!”

“ओढतोय, माई! तुम्ही जरा हलक्या व्हा!”

“आता कुठून होऊ हलकी?”

तिढा फौजदारानंच सोडवला. चार पावलं मागं गेला, धावत आला, आणि त्यानं खालून अशी नेमकी जागा साधली की सासूबाई गोफणीतून सुटल्यासारख्या वर येऊन गवतात पालथ्या पडल्या.

सासूबाई उठून बसल्या. केसांतून गवत काढलं, पदर सारखा केला. मग एकेकाकडं बघितलं. फेरीवाल्यानं टोपी घातली. म्हाताऱ्यानं चटकन डोळे मिटले.

“उघड,” सासूबाई म्हणाल्या.

त्यानं एक उघडला.

“आणि तू काय खोकतेस गं?”

“नाही, आई.” नवीनं ओठ चावले, पदर लावला, डोळ्यांत पाणी आलं.

“आता मदतीला कोण येणार? माणसं बाजारात,” सासूबाई म्हणाल्या. “इथून ओरडलं तरी कुणाला ऐकू जायचं नाही.”

“माई, मग शिट्टी मारा ना,” म्हातारा सहज बोलून गेला.

“कसली शिट्टी?”

“ती हो, घरी कुणी नसलं की परसात मारता ती. दोन बोटं तोंडात घालून. काय आवाज आहे! मागल्या खेपेला माझी काठी हातातून...”

तो थांबला. फार उशिरा थांबला. सासूबाईंचे कान लालबुंद झाले होते. नवी डोळे विस्फारून बघत होती.

“आई? तुम्ही?”

“लहानपणी गुरांमागं जायचे,” सासूबाई गवताकडं बघत म्हणाल्या. “सवय. इथं आल्यावर माझ्या सासूबाई म्हणाल्या, घरंदाज बायका शिट्ट्या मारत नसतात.”

“मग मारा ना, आई. आता कुठं घरात आहोत आपण?”

सासूबाईंनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग दोन बोटं तोंडात घातली.

झाडावरचे पक्षी उडाले. फेरीवाल्याची टोपी उडाली नाही एवढंच. शिट्टी गावावरून जाऊन टेकडीला आपटून परत आली. सगळ्यांनी कान टवकारले. बऱ्याच वेळानं शेजाऱ्यांचं कुत्रं फाटकात आलं, फौजदाराला बघितलं आणि काही काम आठवल्यासारखं परत गेलं.

नवीचा बांध फुटला. “आई... कुत्रं... कुत्रं बघून...” एवढंच तिला बोलता आलं. सासूबाई तिच्यावर डोळे वटारणार होत्या. पण त्यांच्या नाकपुड्या थरथरल्या, खांदे हलले, आणि आतून एक विचित्र आवाज आला, गंजलेल्या बिजागरीसारखा. सासूबाई हसत होत्या. एकदा सुटल्या त्या सुटल्याच. नवीला कळेना की बाई रडतात की हसतात. सासू-सुना एकमेकींच्या गळ्यात पडून हसायला लागल्या, आणि गंजी हलायला लागली तसे दोघे पुरुष घाबरून गवत धरून बसले.

“पण उतरायचं कसं?” शेवटी फेरीवाला म्हणाला.

युक्ती नवीलाच सुचली. म्हाताऱ्याच्या झोळीकडं बोट दाखवून ती म्हणाली, “आजोबा, यात भाकरीचे तुकडे आहेत ना?”

म्हाताऱ्यानं झोळी छातीशी धरली. “ही चार दिवसांची गावभरची कमाई आहे!”

“एडका शिळ्या तुकड्यासाठी जीव देतो. एकेक टाकत त्याला गोठ्याशेजारच्या कोंडवाड्यात न्यायचा. आत गेला की मी फाटक लावते.”

बराच वेळ विनवण्या झाल्यावर म्हाताऱ्यानं हात घातला. “जन्मभर घेतलं,” तो पुटपुटला, “आज वाढायचीही वेळ आली.” पहिला तुकडा त्यानं फेकला. नेम असा की कुणी डोळस माणसानंही मान खाली घालावी. फौजदारानं हुंगलं, खाल्लं, पुढं सरकला.

“हा चणे भाजणारणीचा,” म्हातारा सांगू लागला. “तिच्या हाताला चव आहे. हा मास्तरांकडचा. कच्चा असतो, पण पोटभर देतात. हा तुमच्या शेजारणीचा.”

शेजारणीचा तुकडा फौजदारानं तोंडात धरला आणि टाकून दिला. सासूबाईंचा चेहरा उजळला. “बघ! मी म्हणतच होते! आणि ही गावभर सांगत फिरते, माझ्यासारखं कुणाला जमत नाही म्हणून!”

आणखी दोन गेले, फौजदार कोंडवाड्याच्या दाराशी पोचला. म्हाताऱ्यानं पुढचा तुकडा काढला, बघितला आणि नाव न घेताच फेकला. फौजदारानं हुंगलं. मान वर केली. पायानं तो बाजूला सारला.

“हा कुणाचा?” सासूबाईंनी उत्साहानं विचारलं.

म्हातारा झोळी चाचपू लागला. फेरीवाला आभाळाकडं बघू लागला.

“अरे, कुणाचा ते सांग ना!”

“माई,” म्हातारा हळूच म्हणाला, “मला नीट दिसत नाही.”

सासूबाईंना उमगायला क्षणभर लागला. मग त्यांनी कपाळावर हात मारला आणि पुन्हा बिजागरी वाजू लागली.

शेवटचा मोठा तुकडा, भाजणारणीचाच, म्हाताऱ्यानं जड अंतःकरणानं थेट कोंडवाड्याच्या आत टाकला. फौजदार त्यामागं गेला, आणि गळ्यातली चौकट दारात अडकून मोडून पडली. नवी गंजीवरून घसरगुंडीसारखी खाली आली, अंगण ओलांडून धावली, फाटक ओढलं, अडसर घातला. आतून एकच धडक बसली, अडसर कुरकुरला आणि टिकला. नवी फाटकाला पाठ लावून उभी राहिली. दम लागला होता, केस सुटले होते, आणि तिला वाटत होतं की आता ती गावाच्या वेशीपर्यंत सहज उडत जाईल.

मग शिडी लागली, सगळे उतरले. सासूबाईंनी चूल पेटवली आणि दोघांनाही ओसरीवर बसवून ताजं, गरम, पोटभर वाढलं. म्हातारा खाताना सासूबाई त्याच्या तोंडाकडं बघत होत्या. त्यानं दुसऱ्यांदा मागितलं तेव्हा कुठं त्यांच्या जिवात जीव आला. आरशाचं त्यांनी सरळ सोडवलं. “ज्यानं फोडला तो भरेल. फौजदाराची लोकर यंदा तुझी. कापायला मात्र तूच यायचं.” फेरीवाल्यानं आधी हो म्हटलं आणि मग कोंडवाड्याकडं बघून टोपी घट्ट बसवली. तोवर म्हाताऱ्यानं परसातली लाकडं फोडून रचलीही होती. कुणी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, “आज हातांना राहवेना.”

सावल्या लांबल्या तेव्हा बाप-लेक बाजारातून आले. अंगण झाडलेलं, चूल पेटलेली, फौजदार कोंडवाड्यात शांत. सासऱ्यांनी पाय धुतले, पाटावर बसले आणि विचारलं, “काय, आज कुणी आलं होतं का?”

“कोण येणार?” सासूबाई म्हणाल्या.

नवी खोकली. मग सासूबाईही खोकल्या. दोघींनी एकदम पदर तोंडाला लावला आणि स्वयंपाकघरात पळाल्या.

“हिलाही लागण झाली वाटतं,” सासरे लेकाला म्हणाले. “काढा दे बाबा दोघींना.”

पुढच्या खेपेला काठीची टकटक ऐकू आली तेव्हा दोघी एकदमच ओसरीवर आल्या. म्हातारा फाटकातून येत होता. डोळे टक्क उघडे होते, पण एक पाय फरफटत होता.

“लंगड्याला घाला गं, माई!”

“अगंबाई! पाय कधी गेला, आजोबा?” नवीनं विचारलं.

“डोळे आले, ताई, पण पाय गेला. नशीब एका हातानं देतं, दुसऱ्या हातानं नेतं.”

सासूबाई कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघत राहिल्या. “कुठला पाय?”

म्हाताऱ्यानं खाली बघितलं. जरा विचार केला.

“कुठला बरा दिसतो, माई?”

“डावा ठेव,” सासूबाई म्हणाल्या. “उजव्यानं गंजीवर चढायला बरं पडतं. आणि बस. तव्यावरचं आणते.”